प्रार्थनेला दहा माणसं लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संकटकाळ आणि श्रद्धा या विषयावर वाचकांची पत्रं येत आहेत. बहुतेकांनी मनापासून लिहिलं आहे. एका वाचकांनी मात्र असं मांडलं की श्रद्धाळू माणूस चमत्काराची वाट बघत बसतो आणि ऐन संकटात हातपाय हलवत नाही. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे, म्हणून हे पत्र. ते ज्यू धर्माविषयी आहे. नागपुरात त्याविषयी सांगणारं माणूस सहसा भेटत नाही, त्यामुळे जरा लांबेल. काटछाट करावी लागलीच तर पुढचा ओळखीचा परिच्छेद काढा, बाकीचं राहू द्या.

मी बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातली. आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणात ही मंडळी तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली हे नाव पडलं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर ही आमची आडनावं. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. माझं माहेर ठाण्याचं. यजमान रेल्वेत, अजनीला, म्हणून लग्न होऊन इथं आले आणि इथल्याच एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. नागपुरात आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, नाही. सणावाराला आम्ही ठाणं किंवा पुणं गाठायचो, एरवी जे काही करायचं ते घरात, दोघांनी.

यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं आणि आमचा आठवडा डायलिसिसला बांधला गेला. मंगळवार, गुरुवार, शनिवार. ज्यांच्या घरात हे आजारपण आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी मोजून प्यायचं. नारळ, केळी, मनुका, सुकामेवा बंद, कारण पोटॅशियम वाढतं. आता आमचा स्वयंपाक बघा. मटणाबरोबर दूधदुभतं आम्हाला चालत नाही, म्हणून रश्शाला नारळाचं दूध. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू होताना किद्दूश, म्हणजे तो दिवस पवित्र करणारा आशीर्वाद, म्हणायचा तो काळ्या मनुका भिजवून, कोळून केलेल्या सरबतावर. जुन्या काळी कोकणात आमच्या नियमांत बसणारी वाइन कुठून मिळणार, म्हणून पडलेली ही रीत. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर लाल शाईनं नेमके हेच जिन्नस लिहिलेले होते.

किद्दूशचा प्याला हातात धरायचा आणि त्यातला घोट घ्यायचा नाही, हे यजमानांना फार लागलं. वर्षानुवर्षं त्यांच्या वडिलांच्या प्याल्यातून ते म्हणत आले होते. मी ठाण्याला आमच्या ओळखीच्या हजानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोन केला. ते म्हणाले, प्याला जमत नसेल तर शुक्रवारचं किद्दूश भाकरीवर म्हणता येतं, ही सोय शास्त्रात पहिल्यापासून आहे. त्यानंतर आमच्या घरी ताटात दोन पोळ्या ठेवून, त्यांवर धुतलेला रुमाल घालून किद्दूश होऊ लागलं. आवाज खोल गेलेला असायचा, अंगात उभं राहण्याचं बळ नसायचं, पण ते एक शब्द गाळायचे नाहीत.

मला बळ मिळालं ते असं मिळालं. मन खंबीर झालं आणि मग मी दिवा लावला, असं कधी घडलं नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लागलाच पाहिजे, मग मनाची अवस्था काहीही असो. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. त्याआधी घर झाडून व्हायला हवं, अंघोळ व्हायला हवी, दुसऱ्या दिवसाचं अन्न शिजवून झाकून ठेवायला हवं. दवाखान्यातून रिपोर्ट वाईट आला असला तरी तीन वाजले की मला कणीक भिजवायला घ्यावी लागायची. कणीक भिजवताना रडले असेन, पण भिजवली. यजमानांचं तसंच. सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, आत्मा परत दिल्याबद्दल देवाचे आभार मानणारी एक ओळ आम्ही म्हणतो. ते ती ओळ म्हणायचे आणि मगच विचारायचे, आज वजन किती भरलं.

डायलिसिसच्या खोलीत एका नर्सबाईंनी मला विचारलं होतं, तुमच्यात शनिवारी काही करत नाहीत न, मग तुम्हाला शनिवारची पाळी कशी चालते? चालते, कारण जीव वाचवण्याच्या आड शब्बाथ येत नाही. आमच्यात याला पिकुआह नेफेश म्हणतात. जीव धोक्यात असेल तर शनिवारी गाडी चालवावी, विस्तव पेटवावा, औषध आणावं. ही नुसती सवलत नाही, तसं करणं कर्तव्यच आहे, आणि जो मागे-पुढे बघत बसतो त्याला आमच्या पंडितांनी दोष दिला आहे. आमच्या धर्मग्रंथातल्या लेवीयच्या पुस्तकात देवाच्या आज्ञा पाळून माणसानं जगावं असं म्हटलं आहे. त्यावर ते सांगतात, जगावं म्हटलंय, मरावं म्हटलेलं नाही. ज्या धर्मानं माझ्या नवऱ्याला शनिवारी सकाळी रिक्षात बसवून डायलिसिसला पाठवलं, त्यानं आम्हाला हातावर हात धरून बसायला शिकवलं असं मी कसं मान्य करू?

आणखी एक गोष्ट त्या वाचकांना सांगायची आहे. आमच्यात देवाकडे तक्रार करायला बंदी नाही. तेहिलीम, म्हणजे दाविदाची स्तोत्रं, उघडून पाहा. १३ व्या स्तोत्राची सुरुवातच विचारते की परमेश्वरा, कुठवर? मला कायमचं विसरणार आहेस का? हातात सुया टोचल्या जात असताना यजमान हे स्तोत्र पुटपुटायचे. सोपं मराठी करून तेवढंच म्हणायचे, कुठवर रे बाबा, कुठवर. बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटाला स्तुतीकडे वळतात. ८८ वं वळत नाही, ते काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं. तरीही ते वगळलेलं नाही, इतर स्तोत्रांच्या रांगेत तेही आहे. ज्या रात्री मला देवाचे आभार मानता येत नव्हते त्या रात्री मी हे स्तोत्र वाचलं. मला सांत्वनाची गरज नव्हती, माझ्यासारखं कुणीतरी आधी बोलून गेलं आहे आणि त्याचं बोलणं पवित्र मानलं गेलं आहे, एवढं पुरेसं होतं.

२०२३ च्या जानेवारीत यजमान गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण शेमा येत होता. "ऐक, हे इस्राएल" अशी सुरू होणारी ती ओळ. आमच्या समाजाचा इतिहास सांगतो की कोकणात शतकानुशतकं हिब्रू विसरून गेल्यावरही पूर्वजांच्या तोंडी ही एक ओळ टिकली होती. मी त्यांच्या उशाशी बसून ती म्हटली आणि त्यांचे ओठ हलले.

आमच्यात दफन लवकर करतात. ते ठाण्याला, त्यांच्या आईवडिलांजवळ करायचं होतं. समृद्धी महामार्ग तेव्हा शिर्डीपर्यंतच सुरू झालेला होता, उद्घाटन होऊन महिना-दीड महिना झाला असेल. रात्रभर रुग्णवाहिका त्या मोकळ्या रस्त्यानं चालली. ५२० किलोमीटर शिर्डी, पुढं सिन्नर, नाशिक, कसारा घाट. चालक मुलगा यवतमाळकडचा होता. त्यानं गाणी लावली नाहीत, वाटेत दोनदा थांबून मला चहा प्यायला लावला आणि गाडीचं मागचं दार नीट बंद आहे ना हे प्रत्येक वेळी उतरून बघितलं. ठाण्यात यजमानांना आंघोळ घातली, पांढरं कफन, त्यावर त्यांचीच प्रार्थनेची चादर, तिचा एक गोंडा कापून. श्रीमंत असो की गरीब, जाताना सगळ्यांचा वेष सारखाच. माझ्या मुलानं सदऱ्याचा कोपरा फाडला. दुःख झालं आहे हे अंगावर दिसलं पाहिजे, ते झाकायचं नाही, असा नियम आहे.

मग दिरांच्या घरी शिवा, म्हणजे सात दिवस जमिनीवर बसणं. घरच्यांनी स्वयंपाक करायचा नाही, पहिला घास बाहेरून येतो. आपल्याकडे कडू घास देतात तसंच हे, मला त्यात परकं काही वाटलं नाही. उकडलेली अंडी आणि मसूर आले होते. भेटायला येणाऱ्यांसाठी एक शिस्त आहे, आणि माझ्या मते ती सगळ्या जगानं उचलावी: दुःखात असलेलं माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. आमच्या धर्मग्रंथात इयोब या संकटांनी पिचलेल्या माणसाची गोष्ट आहे, तीत त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. पुढं ते बोलायला लागतात आणि सगळं बिघडवतात, ते निराळं. ठाण्यात लोक आले, बसले. मी बोलले तेव्हा बोलले. नाही बोलले तेव्हा भिंतीला टेकून बसून राहिले. कुणी तरी उठून पाणी आणून दिलं. मृतासाठी आमच्यात कद्दिश म्हणतात, त्यात मरणाचा उल्लेखसुद्धा नाही. देवाचं नाव मोठं होवो, पवित्र होवो, जगात शांती नांदो, एवढंच. आणि ते एकट्यानं म्हणता येत नाही, दहा माणसं हजर असावी लागतात. ज्याच्या घरात मरण आलंय त्यानं दाराला कडी घालून कोपऱ्यात बसायचं ठरवलं, तरी रोज दहा माणसांनी त्याच्या दारात यावं लागतं नाहीतर त्यानं त्यांच्यापर्यंत जावं लागतं. माझा मुलगा अकरा महिने कामाआधी सिनेगॉगमध्ये गेला. फारसा धार्मिक नाही तो. पण रोज सकाळी नऊ जण आपली वाट बघत असतात, हे त्याला घरी बसू द्यायचं नाही. आमच्या परंपरेत हे दहा म्हणजे प्रौढ पुरुष. बायकांनाही मोजावं असं माझं ठाम मत आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

मी नागपूरला परत आले आणि इथं नऊच काय, दुसरं एकही नव्हतं.

इथल्या लोकांनी माझ्यावर खूप माया केली, म्हणून पुढचं लिहिताना कुणी राग मानू नये. भेटायला येणारे प्रेमानंच यायचे, पण आल्या आल्या बोलायला लागायचे. धीर धरा. सुटले बिचारे. देवाच्या मनात होतं. रडू नका, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो. मुलाकडे का जात नाही? प्रत्येक वाक्याला मला मान हलवावी लागायची, आणि ते गेल्यावर मी थकून जायची. मृत्यूच्या नोंदीसाठी एका कार्यालयात गेले तर टेबलावरच्या माणसानं मला न विचारता धर्माच्या रकान्यात भलतंच लिहिलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, हे मी त्याला सांगितलं आणि कागद दुरुस्त करून घेतला. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हातात घेताना ही समजूत घालत बसावं लागणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. ज्यांनी मला खरंच सावरलं त्या वरच्या मजल्यावरच्या ताई. त्या रोज संध्याकाळी खाली यायच्या, मेथी निवडायला घेऊन बसायच्या. कधी बोलायच्या, कधी नाही. शिवाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता पुराची गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली, मोरभवनला बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. शहरात माणसं दगावली. आमचं घर नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. शुक्रवारची रात्र, शब्बाथ. वात केव्हाच विझली होती. झोपेत पाय खाली सोडला तर पाणी घोट्याच्या वर. शब्बाथला मी फोनला हात लावत नाही. त्या रात्री लावला, आणि क्षणाचाही विचार केला नाही, कारण ते उत्तर डायलिसिसच्या दिवसांत माझ्या हाडात मुरलेलं होतं. दार पाण्याच्या दाबानं उघडेना. जिन्यावरून ताईंचा मुलगा ओरडत होता, "काकू, खिडकीतून या, पाणी चढून राह्यलं!" त्यानं आणि समोरच्या फ्लॅटमधल्या दोन विद्यार्थ्यांनी खिडकीची जाळी उचकटून मला बाहेर ओढलं.

ताईंकडे महालक्ष्म्या बसलेल्या होत्या. आदल्याच दिवशी जेवण झालेलं, त्या दिवशी विसर्जन. सजवलेल्या मखरासमोर आम्ही भिजलेली माणसं बसलो, तळमजल्यावरचं एक मुस्लिम कुटुंबही होतं. वीज नाही, खाली पाणी कमरेएवढं. सकाळी सगळ्यांना भूक लागली. घरात पुरणपोळ्या होत्या, आंबील होती, सोळा भाज्या होत्या. ताईंनी मला काही विचारलं नाही. त्या सुनेला म्हणाल्या, "नैवेद्याचं काकूंना चालत नाही," आणि सिलेंडरवर माझ्यासाठी वेगळी मुगाची खिचडी टाकली. उजाडल्यावर मी पश्चिमेच्या खिडकीशी उभं राहून शेमा म्हटला. सुनेनं लेकरांना गप्प केलं. तेहिलीममधलं ६९ वं स्तोत्र त्या दिवशी मला वेगळं कळलं. देवा, मला वाचव, पाणी गळ्याशी आलं आहे, असा त्याचा आरंभ आहे. इतकी वर्षं मी ते उपमा म्हणून वाचत होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी सूर्यास्ताला किप्पुर लागत होता. वर्षातला सर्वांत मोठा उपवास. आमचे लोक त्याला दरफाळणीचा सण म्हणतात. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, प्रार्थनेशिवाय काही करायचं नाही. माझी पांढरी साडी खालच्या कप्प्यात होती, ती चिखलात गेली. दार म्हणाल तर घराला दारच उरलं नव्हतं, ते फुगून चौकटीबाहेर आलं होतं. रविवारी दिवसभर आम्ही सगळ्यांनी मिळून गाळ उपसला. संध्याकाळी ताईंनी त्यांची खोली रिकामी करून दिली, कपाटातून पांढरी सुती साडी काढली आणि म्हणाल्या, लावून घ्या दार. मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी पूर्ण उपवासाला मनाई केली आहे, आणि आमचं शास्त्र म्हणतं की अशा वेळी वैद्याचं ऐकायचं. त्यामुळे मी ठरावीक अंतरानं थोडं थोडं खाल्लं, आणि ते खाताना मला कमीपणा वाटला नाही.

किप्पुरला दुपारनंतर योना या संदेष्ट्याची गोष्ट वाचतात. देवाची आज्ञा चुकवून तो जहाजानं पळतो आणि पुढं त्याला मोठा मासा गिळतो. त्या वर्षी मी माशापाशी थांबले नाही, त्याआधीच्या खलाशांपाशी थांबले. वादळ उठतं, जहाज फुटायला येतं. खलाशी परक्या देशांतले, प्रत्येक जण आपापल्या देवाचा धावा करतो. चिठ्ठ्या टाकल्यावर कळतं की हे अरिष्ट योनामुळे आलं आहे. योना स्वतः म्हणतो, मला समुद्रात टाका म्हणजे तो शांत होईल. आणि तरीही ते खलाशी त्याला लगेच टाकत नाहीत. ते वल्ही मारमारून जहाज किनाऱ्याला लावायचा प्रयत्न करतात. ज्याच्यामुळे आपण बुडणार त्या अनोळखी, परधर्मी माणसासाठी. आमच्या वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, दिवस कलताना, आम्ही या खलाशांची गोष्ट वाचावी असं ज्यांनी ठरवलं त्यांना मी मनोमन वंदन केलं. दाराबाहेर ताईंचा मुलगा आणि ते दोघे विद्यार्थी माझी भिजलेली गादी जिन्यावर टाकत होते.

पाण्यात गेलेल्या वस्तूंचं मला फारसं काही वाटलं नाही. पुस्तकांचं वाटलं. सासऱ्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात समोरासमोर हिब्रू आणि मराठी होतं. जोसेफ एजेकियल राजपुरकर (१८३४–१९०५) यांनी आमच्या प्रार्थना मराठीत आणल्या म्हणून माझ्या आजीसारख्या बायकांना आपण काय म्हणतो आहोत ते कळलं. पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादाही गेली, तिची मराठी आवृत्ती मुंबईत १८४६ साली पहिल्यांदा छापली गेली होती, आमची पुष्कळ नंतरची. देवाचं नाव असलेलं पुस्तक खराब झालं तरी आम्ही रद्दीत टाकत नाही, त्याचं दफन करतो. मी पानं निथळून कापडात बांधली. मुलगा ती ठाण्याला घेऊन गेला, आणि कबरस्तानात त्यांचं दफन झालं.

नंतर मी स्वतः ठाण्याला गेले. मोठ्या संकटातून सुटलेल्या माणसानं म्हणायचा एक आशीर्वाद आहे, समुद्र, वाळवंट, आजार किंवा कैद यांतून वाचलेल्यांसाठी. तोही दहा जणांसमोरच म्हणतात. मला मुंबईच्या पहिल्या सिनेगॉगची आठवण झाली. इंग्रजांच्या पलटणीतले शमुवेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि कृतज्ञतेपोटी त्यांनी १७९६ साली ते बांधलं, नाव ठेवलं शाआर हाराहामीम, दयेचं दार. माझी ऐपत मालिद्याची, म्हणजे आभाराच्या ताटाची. याच दिवसांत इस्राएलमध्ये युद्ध पेटलं. माझी बहीण अश्दोदला आहे, तिच्या काळजीत रात्री गेल्या. त्या युद्धाविषयीचं माझं म्हणणं या पत्रात आणत नाही, कुणाच्याही लेकराचा जीव जाऊ नये एवढीच प्रार्थना केली आणि करते.

मालिदा हे ताट एलियाहू हनाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलीयाच्या, नावानं करतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आम्ही मानतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, सुकामेवा, वर पाच तऱ्हेची फळं, गुलाबाच्या पाकळ्या, सब्जाची डहाळी. यजमानांना वर्ज्य असलेलं सगळं त्या एका ताटात होतं, ते कालवताना माझा हात थांबला. नवस फळला नाही तर मालिदा कशाला, असं माझ्या एका नातलगानं विचारलं, कारण यजमानांच्या आजारात आम्ही खंडाळ्याला जाऊन आलो होतो. मी त्याला सांगितलं की देवाशी माझा सौदा झालेला नव्हता. मालिद्याला ताईंचं घर, ते मुस्लिम कुटुंब, विद्यार्थी, ठाण्याहून आलेला मुलगा आणि दीर, सगळे होते. एलियाहू हनाबीचं गाणं मी आणि मुलगा म्हणत होतो, ताईंची नात टाळ्या वाजवत होती.

संपादक महाराज, या पत्राच्या निमित्तानं वाचकांना दोन विनंत्या आहेत. पहिली. मयताच्या घरी जाल तेव्हा काही बोललंच पाहिजे हे ओझं मनावर घेऊ नका. पहिल्या आठवड्यात सगळे जातात, तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा. निवडायला भाजी घेऊन जा. जेवण नेणार असाल तर त्यांना काय चालतं ते आधी दुसऱ्या कुणाकडून विचारून घ्या, त्यांना सांगायला लावू नका.

दुसरी विनंती माझ्या समाजासाठी. विदर्भात कुठे कुणी बेने इस्राएल माणूस एकटं राहत असेल, नोकरीसाठी आलेला तरुण असेल, दवाखान्यात कुणाला घेऊन आलेलं कुटुंब असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या घरी यावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे, कृपया तो छापू नये, विचारणाऱ्याची खात्री करून द्यावा. दार आता लोखंडी बसवलं आहे आणि चौकटीवर मेझुझा, म्हणजे शेमाच्या ओळी लिहिलेली गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, आहे, त्यावरून घर ओळखू येईल. पोळ्या मी अंदाजानं जास्तच करते. ज्यांना मनुका चालतात त्यांच्यासाठी सरबत असतं, चालत नाहीत त्यांनी संकोच न करता सांगावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
नागपूर